सातवी सही

नाशिकरोड,
शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५
दुपारी २ वाजून १० मिनिटे

प्रिय ताईस,

सप्रेम जय भीम.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी कॉलेजच्या मीडिया रूममध्ये स्टुलावर बसून ऑटोक्लेव्हच्या काट्याकडे बघत होतो. आत जंतू वाढवायच्या अगरचे सहा फ्लास्क आहेत. पंधरा पौंडांच्या दाबावर पंधरा मिनिटं पूर्ण झाली, बटण बंद केलं. आता काटा शून्यावर येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे तूच शिकवलेलं. त्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ खोली सोडता येत नाही आणि दुसरं कामही धरता येत नाही. म्हणून हा वेळ निवडला.

आई बरी आहे. उजवा गुडघा दुखतो, पण देवळाली गावातून बाजारापर्यंत चालत जाते आणि आल्यावर मला ऐकवते की रिक्षाचे वीस रुपये वाचवले. बीपीची गोळी मी रोज सकाळी तिच्या हातावर ठेवतो. तू दिवाळीला पाठवलेली शाल तिने घडी न मोडता कपाटात ठेवली आहे. अक्रोड मात्र संपले. शेजारच्या झुंबरबाईंच्या नातवाने निम्मे खाल्ले.

तू आणि आई दर रविवारी बोलता तेव्हा मी घरात नसतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आई फोन घेऊन ओट्यापाशी जाते आणि मी पाणी नसलं तरी बादली घेऊन नळावर जातो. मागच्या रविवारी ती म्हणाली, "मूग गिळून किती दिवस बसणार? तोंड दिलंय ना देवानं, बोल की बहिणीशी." मी म्हणालो, आपण देव मानत नाही. तर म्हणाली, "मग तोंड कोणी दिलं ते तरी सांग."

तुला सांगण्यासारखी मोठी बातमी देवरे सरांची आहे.

सर आपल्या विषयाची राष्ट्रीय संघटना स्थापन करत आहेत. नाव 'अखिल भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मंडळ'. डॉक्टरांची आहे, वकिलांची आहे, औषध दुकानदारांची आहे, आणि आपली अशी नाही म्हणून सर तीस वर्षं बोलत होते. तुमच्या बॅचलाही त्यांनी ते ऐकवलं असेल. "प्लेट आपण ओतायची, नमुना आपण लावायचा, चोवीस तासांनी वाचायचंही आपण, आणि खाली सही दुसऱ्याची!" हे वाक्य ते टेबलावर बोट आपटून म्हणतात. मग तुझं उदाहरण देतात. तू इथल्या लॅबमध्ये दोन वर्षं प्लेटा वाचल्यास आणि एकाही रिपोर्टवर तुझी सही नव्हती, म्हणून बद्दीच्या कंपनीत गेलीस, जिथे जो तपासतो तोच सही करतो. सर म्हणतात, "संजना हिमाचलात सहीसाठी गेली, पगारासाठी नाही." मी हे किमान पाच वेळा ऐकलं आहे.

मंडळाचा पहिला ठराव याच विषयाचा आहे. तो सरांनी सांगितला आणि मी लिहिला. सगळे कागद मीच लिहितो, कारण सरांचं अक्षर त्यांनाही लागत नाही आणि टाइप केलेलं इतिवृत्त त्यांना आवडत नाही. माझं अक्षर आणि शुद्धलेखन चांगलं आहे असं ते सगळ्यांना सांगतात. मला ते आता 'चिटणीस' म्हणतात. येणाऱ्या प्राध्यापकांसमोर म्हणतात, "हा आमचा चिटणीस. बी.एस्सी. अर्धवट, पण ऱ्हस्व-दीर्घ पूर्ण." लोक हसतात. मला बरं वाटतं.

वकिलांनी सरांना सांगितलं होतं की नावात 'अखिल भारतीय' ठेवायचं असेल तर सात संस्थापक सभासद सात वेगवेगळ्या राज्यांतले दाखवा. सरांनी जुनी ओळखपाळख काढून लोक जमवले. वडोदरा, धारवाड, कोइमतूर, रायपूर, गुवाहाटी, आणि महाराष्ट्राचे सर स्वतः. सातवे केरळचे एक प्राध्यापक होते, त्यांनी जुलैमध्ये नकार कळवला. सर दोन दिवस जुने पत्ते चाळत होते. तिसऱ्या दिवशी मी प्लेटा ओतत असताना ते दारात आले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे चिटणीस, आपण केरळ-केरळ करत बसलो आणि हिमाचल आपल्या घरात शे!"

त्यांना आनंद झाला की सटाण्याची भाषा येते.

हातात गरम फ्लास्क होता. मी 'हो सर' म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मग, तुनी बहीण काय म्हनस?" मी म्हणालो, ताईशी बोललो, ती तयार आहे.

ताई, सरांना माहीत नाही की तू माझ्याशी बोलत नाहीस.

त्यांना मी कधी सांगितलंच नाही. ते विचारतात, संजना कशी आहे, मी सांगतो, मजेत आहे. ते म्हणतात, तिचा नवा नंबर दे, मी सांगतो, प्लांटमध्ये फोन चालत नाही, ती रविवारीच बोलते. यातलं एकही वाक्य पूर्ण खोटं नाही. पण सगळी मिळून खोटी आहेत.

काटा सातवर आला आहे. पुढचं लवकर लिहितो.

मी कोणताही कागद सहीसाठी पाठवताना जिथे सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली करतो, म्हणजे माणूस चुकत नाही. सात जणांचे कागद तयार केले, फुल्या केल्या, सरांची सही समोरच घेतली, बाकी पाच पाकिटं कुरिअरने पाठवली. पाचही सह्या होऊन आली. सातवं पाकीट माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्यावर पत्ता घातला नव्हता, कारण तो माझ्याजवळ नव्हता आणि आईकडे मागायची हिंमत नव्हती. तुझ्या आधारची आणि एम.एस्सी.च्या प्रमाणपत्राची झेरॉक्स पप्पांच्या पत्र्याच्या पेटीत होती, ती मी आधीच लावून ठेवली होती. आता फक्त सहीच राहिली होती. सर रोज विचारायचे, हिमाचल आलं का? रविवार, २४ ऑगस्टला स्थापनेची सभा मोबाइलवर झाली. सहा जण होते. इतिवृत्तात मी सात लिहिले.

ती सही मी केली.

एकच सही झाली असती तर मी तुला लिहिलं नसतं, हेही खरं सांगतो. पण कार्यकारिणीत एक तरी महिला हवी म्हणून सर्वांनी तुला एकमताने खजिनदार केलं. कोइमतूरच्या मॅडमना पद नको होतं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मग संमतिपत्र आलं. मग व्हाउचर आली. मी मोजून ठेवलं आहे. सभासद अर्जावर एक, नियमावलीच्या पाच पानांवर पाच, इतिवृत्तावर एक, संमतिपत्रावर एक, व्हाउचरवर तीन. एकूण अकरा.

आता नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं आहे. मंगळवार, २ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता सातही संस्थापकांनी मूळ ओळखपत्र घेऊन समक्ष हजर राहायचं आणि आपापल्या सह्या कबूल करायच्या. पाच जणांनी तिकिटं काढली आहेत. गुवाहाटीचे सर तर दोन गाड्या बदलून येणार आहेत. आणि सर ३१ डिसेंबरला निवृत्त होतात. मंडळाचा पत्ता म्हणजे आपल्या विभागाची खोली, ती सर आहेत तोवरच. नवा सातवा माणूस शोधून सगळे कागद पुन्हा फिरवायचे तर मार्च उजाडेल. वकील म्हणाले, आता नाही तर नाही.

काटा शून्यावर आला. प्लेटा ओतून येतो.

दुपारी ४ वाजून ३५ मिनिटे

एकशे वीस प्लेटा ओतल्या. तळाला तारीख घातली. झाकणावर नाही. झाकणं बदलतात, तळ बदलत नाही, हेही तुझंच.

काल वकिलांचा कारकून धनराज फाइल घ्यायला आला होता. चाळिशीचा माणूस आहे, सतत बडीशेप खातो. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्या सभासदाला येणं जमलं नाही तर? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

"कोण, खजिनदार मॅडम का?"

मी फाइलची दोरी बांधत राहिलो.

"अहो पगारे, तिथं काय सोयरीक जुळवायला बसलेत का चेहरे बघायला? सात नावं पुकारणार, सात डोकी मोजणार. आधारवरच्या फोटोत कोण ओळखू येतं? माझ्या आधारवर मी माझ्या आजोबांसारखा दिसतो. घरातली कोणी असेल तिच्या वयाची, तिला साडी नेसवून आणा. दहा मिनिटांचं काम."

मी म्हणालो, असं कसं चालेल.

"इतके दिवस चाललं ना?" तो म्हणाला, आणि बडीशेप पुढे केली. ताई, मी ती घेतली. आणि 'बघून सांगतो' म्हणालो.

रात्री मी काकांच्या सृष्टीला फोन केला. ती आता सिन्नरला कंपनीत जाते. कपाळ आणि डोळे तुझ्यासारखे आहेत, सगळे म्हणतात. मी विचारलं, दोन तारखेला मंगळवारी मोकळी आहेस का? ती म्हणाली, "का रे, सिनेमा दाखवतोस का? तू तर चहा पण पाजत नाहीस." मी म्हणालो, नाही, असंच. ती म्हणाली, "असंच कोणी तारीख विचारतं का, भित्र्या?" मी फोन ठेवला. मी तिला काही सांगितलेलं नाही. पण फोन केला होता, हे लपवून हे पत्र पुरं होणार नाही.

म्हणून तुला विनंती आहे. दोन तारखेला तू ये. एक दिवस. येण्या-जाण्याचा खर्च मी करीन. अधिकारी विचारतील, ही सही तुमचीच का, तू फक्त 'हो' म्हण. नंतर राजीनामा दे. तोही मी लिहून ठेवीन.

हे वाचून तुला काय आठवेल, ते मला माहीत आहे. म्हणून तेही लिहून टाकतो.

पप्पा गेल्यावर माझ्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून तू सही करायचीस. मग तू बद्दीला गेलीस आणि फोनवर म्हणालीस, "तूच कर रे माझी सही, मी काय तिकडून येऊ का?" तेव्हा मी तुझी सही शिकलो. वहीची चार पानं भरली होती. 'संजना' एका झटक्यात, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, उजवीकडून डावीकडे उलटी. ती उलटी ओढली नाही तर शेवट जाड येत नाही. मला ते आठ दिवसांत जमलं. तू सुट्टीत आलीस तेव्हा मी दाखवलं, आणि तू हसून आईला म्हणालीस, "हा बघ, माझ्यापेक्षा चांगली करतो."

दुसऱ्या वर्षाला, ऑगस्ट २०२१ मध्ये, मी कॉलेज सोडायचा अर्ज दिला. त्यावर पालकाची सही लागते. ती मी केली. सरांनी अर्ज बघून विचारलं, संजनाला माहीत आहे? मी म्हणालो, हो. त्यांनीच दया करून मला रोजंदारीवर मीडिया रूममध्ये घेतलं. मी रोज त्याच गेटमधून, तीच बॅग घेऊन आत जात होतो. आईला वाटायचं वर्गात जातो. तुला वाटायचं शेवटच्या वर्षाला आहे. तू फी पाठवत राहिलीस आणि मी 'मिळाली' लिहीत राहिलो. मे २०२३ ला तू रजा काढून निकाल विचारायला आलीस, पेढे घेऊन. ते पेढे कोणी खाल्ले नाहीत.

तू ओरडली नाहीस. तू म्हणालीस, "पैशाचं राहू दे. माझी सही पुन्हा करू नकोस." त्यानंतर आजपर्यंत तू माझ्याशी बोललेली नाहीस. तुझं ते शेवटचं वाक्य होतं, आणि मी ते अकरा वेळा मोडलं.

तू विचारलं होतंस, कॉलेज का सोडलं. तेव्हा मी छताकडे बघत होतो. इंग्रजीतून कळत नव्हतं. पहिलं सत्र पाठ करून निभावलं. दुसऱ्या सत्रात मोबाइलवरच्या तासाला सगळे समजल्यासारखे मान हलवायचे, म्हणून मीही हलवायचो. नापास झालो ते तुला सांगण्यापेक्षा सोडलेलं सोपं वाटलं. इतकंच होतं.

पोस्टाचा काउंटर आज बंद झाला असेल. उद्या आईच्या कपाटातून दिवाळीच्या पार्सलवरचा तुझा पत्ता उतरवून घेतो आणि सोमवारी टाकतो.


सोमवार, दि. १७ नोव्हेंबर २०२५
सकाळी ११ वाजून २० मिनिटे

ताई, मी पोस्टातल्या बाकावर बसून हे लिहीत आहे. वरचं पत्र फाडून नवं लिहिणार होतो. पण मग तू येशील का हे विचारलं होतं ते झाकलं गेलं असतं. म्हणून ते तसंच ठेवलं आहे. ती विनंती मात्र मागे घेतो. कारण सांगतो.

काल आई झुंबरबाईंकडे गेल्यावर मी कपाट उघडलं. शालीच्या खाली पार्सलचं खाकी कापड तिने घडी करून ठेवलं आहे. तू त्यावर पेनने पत्ता लिहिला आहेस, आणि खाली पाठवणाऱ्याची सही. मी पत्ता उतरवून घेतला आणि मग सहीकडे बघितलं.

ती इंग्रजीत आहे. मोठा एस, त्यातून निघालेली एक सरळ रेघ, आणि खाली बारीक तारीख. शिरोरेघ नाही. उलटी नाही, सुलटी नाही.

मी पंधरा मिनिटं तिथेच उभा होतो. कंपनीत तुझी सही रोज किती कागदांवर जात असेल. तिचा नमुनाही त्यांच्या रजिस्टरमध्ये असणार. आणि मी अकरा ठिकाणी जी सही केली, ती तू केव्हा सोडलीस तेही मला माहीत नाही. कदाचित मे २०२३ लाच.

मग लक्षात आलं, की तू आलीस आणि 'ही माझीच' म्हणालीस, आणि त्यांनी समोर कागद ठेवून म्हटलं, करून दाखवा, तर तुला माझ्यासारखी सही करावी लागेल. तुला माझी नक्कल करावी लागेल. आणि उद्या तो कागद तुझ्या कंपनीत पोचला तर दोनपैकी कुठली सही खोटी हे तुला तिथे सांगावं लागेल. मी मला वाचवायला तुला बोलावत होतो, आणि तुझी आहे ती एकमेव सही पणाला लावत होतो.

आई परत आली तेव्हा कापड माझ्या हातातच होतं. तिने बघितलं. मला वाटलं विचारेल. ती म्हणाली, "घडी नीट कर. तिने स्वतः शिवलंय ते."

आज सकाळी नऊ वाजता मी सरांच्या खोलीत गेलो. ते निमंत्रणपत्रिकेचा नमुना बघत होते. १४ डिसेंबरच्या उद्‌घाटनाची. तुझं नाव सरांच्या नावाखाली दुसरंच आहे. मला बघून म्हणाले, "ये चिटणीस. संजनाचं चंदीगडहून तिकीट मीच काढतो, तू मध्ये पडू नको. एवढं मला करू दे."

मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. अकरा आकडाही.

सरांनी चष्मा काढला. मग फाइल मागितली. सातही अर्ज काढून टेबलावर ओळीने मांडले, जशा आपण वाचायला प्लेटा मांडतो.

"यातली तुझी कुठली?"

मी बोट ठेवलं.

"मला ओळखू आली नसती," ते म्हणाले. मग एकदम वर बघितलं. "आणि तू कॉलेज सोडलंस तो अर्ज? त्यावरची?"

"तीपण माझीच, सर."

"म्हणजे तिला माहीत नव्हतं."

"नाही, सर."

ताई, अकरा सह्यांनी त्यांचा चेहरा जितका पडला नव्हता तितका या एकीने पडला. ते म्हणाले, "मी तुला तेव्हा घेतलं ते तिचा भाऊ म्हणून घेतलं. तिला फोन करून विचारायला पाहिजे होतं. मी सहीवर विश्वास ठेवला."

मग म्हणाले, "पहिला ठराव वाच."

मी वाचला. 'सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने तपासलेल्या नमुन्याच्या अहवालावर त्याच्याखेरीज अन्य कोणाचीही सही असू नये, यासाठी मंडळ प्रयत्नशील राहील.'

"आणि त्याच्याखाली तिची म्हणून तू केलीस." ते हसले, पण ते हसणं नव्हतं. "गुवाहाटीचा माणूस चार दिवस गाडीत बसणार आहे रे. त्याला काय सांगू मी?"

धनराजची युक्ती त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात होती. सरांच्याही डोक्यात काहीतरी येऊन गेलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "दोन तारखेला कार्यालयात कोण ओळखतं..." आणि तिथेच थांबले. मग तुझे कागद बाजूला काढून उलटे ठेवले.

"किल्ली दे."

मी मीडिया रूमची किल्ली टेबलावर ठेवली. सव्वाचार वर्षं ती माझ्या कमरेला होती.

"शनिवारच्या प्लेटा चाळीस फळीवर आहेत, ऐंशी फ्रिजमध्ये," मी म्हणालो. "फळीवरच्यातल्या दोन खराब आहेत. त्यांच्यावर फुली केली आहे."

"बरं," सर म्हणाले. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "तिला लिही. माझ्यातर्फे काही लिहू नको. ती काय म्हणेल ते तिचं. फाइल मी एक तारखेपर्यंत बंद करत नाही."

यात मला परत घेतलं की नाही, ते मला कळलेलं नाही. विचारायला परत गेलो नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगणार आहे. कॉलेजच्या गेटमधून आज मी बॅग न घेता बाहेर पडलो. वॉचमन नाथाभाऊ म्हणाले, "काय पगारे, आज हाफ डे?" मी हो म्हणालो. सवय जात नाही.

या पाकिटात दोन कागद आहेत.

पहिला माझा जबाब आहे. संजना लक्ष्मण पगारे यांच्या नावाच्या अकरा सह्या त्यांच्या माहितीशिवाय मी केल्या, त्यांचा या मंडळाशी आजपर्यंत काहीही संबंध नाही, असं लिहून कोणत्या कागदावर कोणत्या तारखेला केली ते क्रमाने दिलं आहे. खाली माझी सही आहे. अशीच एक प्रत सरांच्या फाइलला लावली आहे. तुझ्याकडे ही असू दे. कधी कोणी विचारलं तर दाखव. माझं काय होईल याचा विचार करू नकोस. तो मी दोन दिवस करून झाला आहे.

दुसरा सभासदत्वाचा कोरा अर्ज आहे. हा मी मागितला नव्हता. मी निघाल्यावर शिपायाने गेटपर्यंत पळत येऊन हातात दिला. सरांनी पाठवला होता, बरोबर काही निरोप नव्हता. भरायचा की नाही ते तू बघ. नाही भरलास तर मंडळ या वर्षी होणार नाही. बहुधा सरांच्या हातून कधीच होणार नाही. तरीही त्याचं ओझं तुझ्यावर नाही, हे मी सांगितलं पाहिजे. ते माझ्यावर आहे. भरलास तर तो सरांना पाठव, माझ्या पत्त्यावर नको.

त्यावर मी कुठेही पेन्सिलची फुली केलेली नाही. सही कुठे करायची, ते तुला माहीत आहे.

या रविवारी फोन आला की मी नळावर जाणार नाही. घरातच बसेन. तू आईशीच बोल. मी फक्त बाहेर जाणार नाही, एवढंच.

तुझा
बंटी

(नवनाथ लक्ष्मण पगारे. ही सही माझी आहे.)


हिशोब, दि. १७ नोव्हेंबर २०२५ अखेर

तुझ्या नावाने झालेला खर्च:
आजीव सभासद वर्गणी, पावती क्र. ७ (सोबत जोडली आहे) – रु. ३,०००
झेरॉक्स – रु. ८४
तुझ्या जुन्या फोटोच्या प्रती – रु. ६०
आजचं स्पीड पोस्ट – रु. ७१
एकूण – रु. ३,२१५

मी तुला देणं लागतो:
ऑगस्ट २०२१ ते मे २०२३, फी म्हणून तू पाठवलेले – रु. ७६,०००
आईच्या हातून परत केलेले – रु. २२,०००
बाकी – रु. ५४,०००

वरचे ३,२१५ रुपये बाकीतून वजा केलेले नाहीत. ते खर्च करायला तू सांगितलं नव्हतंस.